अंतुले गेले, पण देणग्यांची पळवाट तशीच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी मुख्यमंत्री बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांचा विषय निघाला की रायगडात एक बोलणे होते आणि मुंबई-पुण्यात दुसरे. इकडे ‘काम करणारा माणूस’, तिकडे ‘सिमेंट प्रकरण’. दोन्ही खरे आहे. त्यांचा आदर राखूनही सिमेंट प्रकरण नेमके कसे घडले हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते घडवणारी यंत्रणा अजून शाबूत आहे.

९ जून १९८० ते १२ जानेवारी १९८२ एवढीच त्यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द. तेवढ्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले, कुलाब्याचे रायगड झाले आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला उच्च न्यायालयाचे काम चालू लागले. निराधार योजना तर आजही तहसील कार्यालयात सर्वांत जास्त हेलपाटे घालायला लावणारी आणि तरीही सर्वांत गरजेची योजना आहे. विधवा, अपंग, दुर्धर आजारी यांना महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. अपंग वगळता इतरांसाठीची वार्षिक २१ हजारांची उत्पन्नमर्यादा इतकी जुनी झाली आहे की नियमित मोलमजुरी करणारी बाईसुद्धा तिच्यात बसत नाही. अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले, मर्यादा मात्र हलली नाही. अंतुले यांच्या चाहत्यांनी त्यांच्या पुतळ्यांपेक्षा या मर्यादेसाठी भांडावे.

आता सिमेंट. तेव्हा सिमेंटच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते. ५० किलोची गोणी नियंत्रित दराने मिळणे आणि काळ्या बाजारात घेणे यांत मोठी तफावत होती, त्यामुळे परवाना हातात पडला की तिथेच कमाई. राज्याच्या कोट्यातला काही भाग तदर्थ, म्हणजे त्या त्या वेळी ठरवून करायच्या, वाटपासाठी असे. असे वाटप कोणाला, किती आणि का, याची कारणे कागदावर यायलाच हवीत असे बंधन नव्हते. दुसरीकडे मुख्यमंत्र्यांच्याच पुढाकाराने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि इतर न्यास उभे राहिले होते. वाटपाचा अधिकार आणि देणगीची पावती एकाच दारात आली, घोटाळ्याचे मूळ एवढेच. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी हे इंडियन एक्स्प्रेसमध्ये मांडले. प. बा. सामंत यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी बिल्डरांच्या देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याच दिवशी अंतुले यांनी राजीनामा दिला.

पुढचा फौजदारी प्रवास कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. भाजपचे रामदास नायक यांची पहिली तक्रार राज्यपालांची पूर्वपरवानगी नाही म्हणून अडली. जुलै १९८२ मध्ये परवानगी मिळाली, ऑगस्टमध्ये विशेष न्यायालयात नवी तक्रार दाखल झाली. पण आमदार हाही लोकसेवक, मग त्यासाठी वेगळी परवानगी कुठे आहे, या मुद्द्यावर १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी अंतुले यांना मुक्त केले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे फिरवले. आमदार भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही आणि ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटल्यावर परवानगीची गरज नाही, असे ठरले. खटला लवकर संपावा म्हणून तो उच्च न्यायालयाकडे सोपवला गेला. तिथे आरोप निश्चित झाले, साक्षी झाल्या आणि २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की १९५२ च्या कायद्यानुसार असा खटला विशेष न्यायाधीशच चालवू शकतात, म्हणून ती बदलीच चूक. उच्च न्यायालयात झालेले काम पाण्यात गेले. अंतुले यांना या प्रकरणात शिक्षा झाली नाही. १९८९ मध्ये कुलाब्यातून ते लोकसभेवर गेले, पुढे नरसिंह राव सरकारात आरोग्यमंत्री आणि २००६ पासून अल्पसंख्याक कार्यमंत्री झाले. लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले याचा दोष मतदारांना देऊ नये. न्यायालयात अखेरचा शब्दच झाला नाही, तर मतदाराने कशावर ठरवायचे?

१९८४ च्या निकालाने उघडलेले दार २०१८ च्या दुरुस्तीने पुन्हा बंद झाले आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आता पद सोडलेल्यांवरही खटल्यासाठी परवानगी लागते, आणि पदावरून घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीलाही कलम १७अ ची पूर्वमान्यता लागते. म्हणजे तेव्हाची तक्रार आज आणखी आधीच्या टप्प्यावरच अडेल.

सिमेंटचे नियंत्रण १९८९ मध्ये पूर्ण उठले. पण भूखंड, चटईक्षेत्र, वाळूचे गट, साखर कारखान्यांची थकहमी हे आहेच, आणि मंत्र्यांच्या शिक्षणसंस्थाही आहेत. तपासायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब आणि विश्वस्तांचे बदल अर्ज नकलेने घ्यावेत, संबंधित खात्याच्या आदेशांच्या तारखा माहिती अधिकारात मागवाव्यात आणि शेजारी ठेवून जुळवाव्यात. अडचण हिशेबातच येते. तिथे ‘देणग्या’ या एका ओळीत नुसती बेरीज असते. करसवलतीच्या देणग्या देणाऱ्यांची नावे न्यासाच्या विवरणपत्रातून आयकर खात्याला कळतात, नागरिकाला ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जातात. नकार आला की ३० दिवसांत पहिले अपील करावे, ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे, आणि अर्जात जनहित का हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. अनेक अर्ज याच उणिवेने पडतात.

यावर उपाय नवा कायदा न करताही आहे. केंद्रीय गृह खात्याच्या मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेत निधी गोळा करण्यापासून मंत्र्यांनी दूर राहावे असे म्हटले आहे, मात्र नोंदणीकृत संस्था, धर्मादाय संस्था आणि राजकीय पक्ष यांचा अपवाद ठेवला आहे. प्रतिभा प्रतिष्ठानही नोंदणीकृतच होते. राज्य सरकारने आपल्या मंत्र्यांपुरता हा अपवाद काढून टाकावा. निदान शपथेनंतर ३० दिवसांत विश्वस्तपद सोडणे आणि एक लाखावरच्या देणगीदारांची यादी दर अधिवेशनात पटलावर ठेवणे सक्तीचे करावे.

आपला,
एक वाचक, महाड (जि. रायगड)