काचेच्या भिंतीविषयी

पुणे

प्रिय माधव,
स. न. वि. वि.

तू पाठवलेला वसतिगृहाचा आराखडा दोन रात्री समोर घेऊन बसलो. दक्षिणेची अख्खी भिंत काचेची करण्याचा तुझा मानस पाहिला आणि पॅरिसमधील ‘सिते द रफ्यूज’ ही बेघरांच्या निवाऱ्याची इमारत आठवली.

काचेवरची ही श्रद्धा जुनी आहे. 1914 साली कोलोनच्या प्रदर्शनात जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउटने काचेचा मंडप उभारला, तेव्हा त्यावर लेखक पाउल शेअरबार्टच्या ओळी होत्या. रंगीत काच द्वेषाचा नाश करते, असा त्यांतील एकीचा अर्थ. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. तरीही काच माणसाला कोंदट खोल्यांतून सोडवील, ही आशा विझली नाही आणि ती मला आजही मोलाची वाटते.

वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने ती आशा बेघरांपर्यंत नेली. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवासंस्थेसाठी बांधलेला ‘सिते द रफ्यूज’ हा निवारा 1933 च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत उघडला. दक्षिणेकडे मजल्यांवर मजले एकसंध काच आणि तिच्यात उघडणारी खिडकी एकही नाही. दुहेरी काचेच्या पोकळीतून गरम वा थंड हवा खेळवायची आणि आतली हवा यंत्राने शुद्ध ठेवायची, अशी त्याची कल्पना होती. परंतु पैसे अपुरे पडले. दुसरी काच गेली, थंडाव्याची यंत्रणाही गेली, आणि बंद भिंत मात्र तशीच राहिली. हिवाळ्यात सगळे खूश होते. उन्हाळा आला, तसे आत राहणे असह्य झाले. ज्यांना रस्त्यावरून उचलून उजेडात आणले, त्या माणसांच्या हाती एक कडी सरकवण्याचीही मुभा नव्हती, हे मला फार लागते. ल कॉर्ब्युझिए शेवटपर्यंत बंद भिंतीचाच आग्रह धरून होता. अखेर सरकारी यंत्रणेने उघडणाऱ्या खिडक्या बसवायला लावल्या. 1944 मध्ये बॉम्बने काचा फुटल्या आणि युद्धानंतर दर्शनी भागावर काँक्रीटचे ऊनरोधक पडदे आले. ल कॉर्ब्युझिएच्याच चंडीगडमधील इमारतींवर असेच खोल पडदे तू स्वतः पाहिले आहेस. त्यांच्या सावलीत दुपारी उभे राहिले की भिंतीला हात लावता येतो.

तुझ्या वसतिगृहातल्या मुली मे महिन्यात परीक्षेचा अभ्यास त्याच भिंतीलगत बसून करतील. म्हणून पुढच्या नकाशात प्रत्येक खोलीतील कोणते तावदान उघडते आणि त्याची कडी जमिनीपासून किती उंचीवर आहे, एवढे मला आखून पाठव.

तुझा,
श्रीधर