आधी घरभाडं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

लंडनमधली ती मानसिक आरोग्याची टीम सोडून तुम्ही गेलात आणि नीट आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे जाहीर पत्र.

धाकट्या भावाला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार, झाला तेव्हा घरी पोलीस आले, सेक्शन लागलं, म्हणजे कायद्याने सक्तीने इस्पितळात ठेवलं, आणि वॉर्डातून सुटेपर्यंत त्याची नोकरी गेली. केअर कोऑर्डिनेटर, म्हणजे उपचार आणि मदत जुळवून देणारी व्यक्ती, म्हणून तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा मी औषधांची चिठ्ठी हातात घेऊन बसलो होतो. तुम्ही विचारलंत, “भाडं किती थकलंय? रात्री जेवायला सोबत कोण असतं?” मी चक्रावलोच.

एसॉप-१० बद्दल पुढे तुमच्याकडूनच कळलं. १९९७ ते १९९९ या काळात आग्नेय लंडन आणि नॉटिंगहॅममध्ये ज्यांना पहिल्यांदा सायकोसिस झाला, त्यांचा दहा वर्षांनी पुन्हा माग काढणारा हा अभ्यास. वांशिक गटांबद्दलचे त्याचे निष्कर्ष क्रेग मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले. गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत कृष्णवर्णीय कॅरिबियन रुग्णांची लक्षणं, रोजचं जगणं, इस्पितळाशी येणारा संबंध, सगळंच जास्त वाईट. कृष्णवर्णीय आफ्रिकन रुग्णांच्या बाबतीत यातल्या शेवटच्या दोन गोष्टी जास्त वाईट. “म्हणजे हे रक्तातच असतं?” मी घाबरून विचारलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “आजार सुरू झाला तेव्हा कोण बेकार होतं, कोण एकटं राहत होतं, ते आधी बघ.” फरकाचा काही भाग त्या हलाखीतून आला होता. सगळा नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आणि दुसऱ्यांचे निष्कर्ष भावाला जसेच्या तसे चिकटवू नकोस, असं बजावलंत.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. लक्षणं ओसरलेल्या कितीतरी जणांना कामधंदा आणि सोबत मात्र परत मिळाली नव्हती. गोळ्यांकडे डॉक्टर बघत होतेच. तुम्ही घरमालकाला पत्र लिहिलंत, काउन्सिलच्या फोनवर ताटकळलात, आणि नोकरीच्या अर्जात मधल्या रिकाम्या महिन्यांचं काय लिहायचं ते भावाशेजारी बसून ठरवलंत. हे कुठल्या चिठ्ठीवर नसतं हो!

त्याला आवाज अजून येतात, अधूनमधून. पण तो गोदामात कामाला जातो, भाडं स्वतः भरतो. नव्या कोऑर्डिनेटरने परवा फक्त गोळ्यांचंच विचारलं, तर पठ्ठ्याने भाडेकरारच पुढे केला.

मनापासून आभार, ताई.

तुमच्या एका पेशंटचा दादा