गोवराची लस आणि मोबाइलवरचा आवाज

महोदय,

२०२२ मध्ये गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली, तेव्हा निवृत्त परिचारिका या नात्याने मी तिथल्या काही घरी गेले होते. लशीचे नाव काढताच एका आईने मोबाइल पुढे केला. कुणी अनोळखी माणूस ठासून सांगत होता, लशीने मुले अपंग होतात. तो कोण, तिला ठाऊक नव्हते. पण तिच्याशी तिच्या भाषेत, घरात येऊन बोलणारा तो एकटाच होता. याचे मला फार वाईट वाटले.

पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला, त्यानंतरचे दिवस आठवतात. ‘दो बूंद जिंदगी की’ रेडिओवर, दूरदर्शनवर, रिक्षावरच्या भोंग्यातून ऐकू यायचे. बूथवर आजी-आजोबाच नातवंडांना ओढून आणत. २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण आढळला नाही. लस गुणकारी होतीच, पण तिच्यापर्यंत माणसे आणली त्या हाकेने.

क्षयरोगाचेही तसेच. आपल्याला क्षय झाला होता हे अमिताभ बच्चन यांनी उघड सांगितले, त्यामुळे खोकला लपवणाऱ्यांना धीर आला असेल.

गोवराची बातमी मात्र मृत्यूचा आकडा आला की छापतात. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत, पालिकेच्या दवाखान्यात मोफत, ही चौकट आपल्या पानावर दर महिन्याला द्यावी. उर्दू, हिंदी दैनिकांनीही द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, चेंबूर