गाळ काढा, पण तलावाचा उथळ काठ सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी, म्हणजे एकेकाळी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या, तलावांतून गाळ काढण्याची कामे उन्हाळ्यात होतात. त्यांची अंदाजपत्रके मात्र त्याआधीच तयार होतात. म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे. मी धान पिकवणारा शेतकरी आहे आणि माझ्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) तलावाच्याच पाण्यावर भिजतात, त्यामुळे गाळ काढण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. तो तलावाच्या कोणत्या भागातून काढला जातो, एवढाच माझा मुद्दा आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने आणि इतर शेतकऱ्यांनी उतार पाहून एका अंगाला पाळ (मातीचा बांध) घातली आणि समोरची बाजू जमिनीच्या चढावर तशीच मोकळी ठेवली. त्यामुळे पाळीजवळ, तुडुमापाशी (पाणी सोडण्याच्या दारापाशी) पाणी खोल असते आणि समोर ते उथळ होत होत गवतात शिरते. याच पट्ट्यात देवधान (रानटी भात) आणि इतर पाणवनस्पती वाढतात, गोगलगायी व पाणकिडे पोसले जातात, आणि त्यांच्याच भरवशावर दर हिवाळ्यात सायबेरिया व मध्य आशियाकडून तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे पक्षी येथे उतरतात. लडाख, तिबेट व मंगोलियात वीण करणारे पट्टकादंब (रानहंसांची एक जात) तर हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून ते उडाल्याची नोंद आहे.

तलवार बदक अन्नासाठी सहसा बुडी मारत नाही. शेपूट आभाळाकडे करून ते डोके पाण्यात घालते आणि मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवरचे बी व कोंब वेचते. ही खोली फार तर हातभर असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या उड्डाणापूर्वी या पक्ष्यांना अंगावर चरबी साठवावी लागते, आणि नेमक्या त्याच काळात पाणी ओसरून उघडा पडणारा चिखलकाठ त्यांना सर्वाधिक लागतो.

जेसीबी आणि टिप्पर मात्र सोयीच्या बाजूने उतरतात, म्हणजे उथळ बाजूने, कारण तेथे पाणी आधी आटते आणि वाहन रुतत नाही. काम संपले की तेथे पुरुषभर उंचीची उभी दरड आणि तळाशी डबके उरते. पाणीसाठा वाढल्याची नोंद होते, ती खोटीही नसते. पण पुढच्या हिवाळ्यात त्या काठावर बदकाला टेकायला जागा नसते. खोदकाम पक्षी निघून गेल्यावर होते, त्यामुळे पाखरे का कमी झाली याचा संबंध कोणी या दरडीशी जोडत नाही. नुकसान एकट्या पाखरांचेही नाही. गुरांना पाण्यावर उतरता येत नाही आणि ज्या गवताळ काठावर गावठी मासे अंडी घालतात तो गेल्याने मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचीही ओरड असते. त्यात काही तलावांत गवत खाणारा ग्रासकार्प मासा सोडला जातो, आणि उरलेल्या पाणवनस्पतीही तो फस्त करतो.

पट्टकादंब संध्याकाळी लाखोळीच्या (धानानंतर घेतल्या जाणाऱ्या कडधान्याच्या) बांधीत उतरून कोवळे शेंडे खुडतात, तेव्हा मलाही राग येतो, हे लपवीत नाही. त्यांना हाकलणे वेगळे आणि त्यांचा तलावच मोडून टाकणे वेगळे.

स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगर येथे झाली आणि मध्य आशियाई उड्डाणमार्गाच्या, म्हणजे हे पक्षी ज्या वाटेने ये-जा करतात तिच्या, रक्षणात पुढाकार घेण्याचे भारताने तेथे सांगितले. परंतु २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, म्हणजे आमचे मालगुजारी तलाव त्या संरक्षणाबाहेरच राहतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हा मुळात गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेला जलाशय असूनही तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाऊ शकला. तेव्हा माणसाने बांधलेले पाणी पाखरांच्या कामाचे नाही, असे कोणी म्हणू नये.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून असो वा रोजगार हमीतून, गाळ पाळीच्या बाजूच्या खोल भागातून काढावा आणि पाळीसमोरचा उथळ पट्टा अंदाजपत्रकाच्या नकाशावरच रेघ मारून खोदकामातून वगळावा. तेथे माजलेली बेशरम (पाणकाठी वाढणारे झुडपी तण) काढायची असेल तर ती मजुरांकडून मुळासकट उपटून घ्यावी. त्यासाठी यंत्राची गरज नाही. कोणती बाजू सोडायची हे ठरवताना ग्रामसभेत ढिवर संस्थेला आणि गुराख्यांना बोलवावे. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाने यंदाच्या कामांना मंजुरी देण्यापूर्वी अशी सूचना लेखी काढावी, ही विनंती आपल्या पत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. साकोली, जि. भंडारा