समर स्मारक पाहायला जाताना

धुळे

प्रिय राजाभाऊ,

सप्रेम नमस्कार. शाळेची पोरं घेऊन दिल्लीला निघालाच आहेस, तर राष्ट्रीय समर स्मारकासाठी चांगले तीन तास राख. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

इंडिया गेटशेजारी असूनही ते फारसं वर डोकावत नाही. जमिनीत खोलगट बांधलंय, जुन्या कमानीचं दृश्य अडू नये म्हणून. रचना चक्रव्यूहाची, एकात एक चार वर्तुळं. पोरं हमखास सरळ ज्योतीकडे धावतात, फोटो काढून परततात आणि बाकी सगळं राहून जातं. त्यांना बाहेरून आत ने. पहिलं रक्षक चक्र : 600 हून अधिक झाडं, सीमेवर पहारा देणाऱ्या जवानांसारखी ओळीनं उभी. पुढे त्याग चक्र. ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत 25,000 हून अधिक नावं. आपल्या भागातल्या एखाद्या जवानाचं नाव शोधायचं असेल तर पूर्ण नाव, हुद्दा, युनिट आणि वर्ष इथूनच लिहून ने. नुसतं 'पाटील' म्हणून शोधलंस तर दिवस जाईल.

वीरता चक्रात मात्र घाई करू नकोस. तिथे आपल्या सैन्याच्या लढाया नि मोहिमांची कांस्याची सहा भित्तिशिल्पं आहेत : तिथवाल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन ट्रायडेंट, ऑपरेशन मेघदूत. ती घडवली राम सुतारांनी, म्हणजे आपल्या गोंदूरच्या माणसानं! विमानतळ आहे तेच गोंदूर. हे पोरांना तिथेच, शिल्पापुढे उभं करून सांग. समोरून पाहून झालं की जरा बाजूला सरकायला लाव, कांस्याचा उठाव तेव्हा कळतो. रेझांग लापाशी सांग की 18 नोव्हेंबर 1962 ला चीनविरुद्धच्या युद्धात मेजर शैतान सिंह यांची कंपनी, कुमाऊं रेजिमेंटच्या 13व्या बटालियनची, लडाखच्या त्या थंडीत जवळजवळ अख्खी कामी आली, पण जागा सोडली नाही. एवढं कानावर पडलं की पोरं आपोआप गप्प होतात.

सगळ्यात आत अमर चक्र, 15.5 मीटर उंचीचा स्तंभ आणि अखंड ज्योत. देह गेला तरी आत्मा अमर, हा तिचा अर्थ. इंडिया गेटखाली 1972 पासून तेवणारी अमर जवान ज्योत 21 जानेवारी 2022 ला हिच्यातच विलीन केली. कमानीवरची नावं पहिलं महायुद्ध आणि अफगाण युद्धातली, ब्रिटिशांच्या फौजेतल्या सैनिकांची. स्वतंत्र भारताच्या जवानांची नावं मात्र इथे, 2019 पासून. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, पोरांनाही तो समजायला हवा.

परमयोद्धा स्थळ जरा बाजूला आहे, परमवीरचक्र विजेत्यांचे 21 अर्धपुतळे. ते आधीच पाहून घे, कारण सूर्यास्ताच्या सुमारास रिट्रीट, म्हणजे दिवस मावळतानाचा लष्करी सोहळा, असतो. त्या वेळी पोरं अमर चक्रापाशीच हवीत.

तुझा,
सुभाष