तुझी नऊ नंबरची गाडी

नागपूर,
तान्हा पोळा, रात्री

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझे तीन निरोप आले आणि तिन्ही वेळा मी ‘गाडी होत आली आहे’ एवढेच कळवले. ते खोटे होते. १९८९ मध्ये आपण दोघांनी बनवलेली, प्लायच्या खाचेतून विजेवर धावणारी ती छोटी शर्यतगाडी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याच हातून बिघडली. ‘बिघडली’ हा शब्दही मी स्वतःला सवलत देऊन वापरतो आहे, कारण खरे पाहता साबणाच्या डबीचे तिचे निळे अंग मी विरघळवून टाकले. आज सकाळी वाड्यासमोरून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक गेली आणि पोरे ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत होती, तेव्हा मीही मनातल्या मनात ‘थिनर घेऊन जा गे मारबत’ असे म्हटले आणि घरात येऊन कागद घेतला. इकडे सर्व ठीक आहे. माझे साखरेचे आकडे डॉक्टरांना आवडत नाहीत, एवढेच.

झाले ते असे. बॉनेटवरचे ओरखडे झाकावेत म्हणून मी तिच्यावर निळ्या लॅकरचा पातळ फवारा मारायचे ठरवले. तुझ्या नऊच्या आकड्यावर टेप चिकटवली, वर्तमानपत्र अंथरले आणि खोलीत उकाडा असह्य झाल्यामुळे कूलर चालू ठेवला. तुला पुण्याच्या हवेत हे कळायचे नाही, पण लॅकरमधला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि कूलरने ओली केलेली हवा त्या ओल्या रंगावर दव धरते. त्यामुळे रंगावर दुधासारखी साय येते. ती आली. एक दिवस थांबून, कूलर बंद करून, सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका हात वरून मारला असता तर ती बहुधा गेलीही असती. मला मात्र राग आला, आणि रागात माणसाने थिनरच्या बाटलीकडे जाऊ नये. मी फडके भिजवून पुसू लागलो, तसे बॉनेट मऊ झाले, चालकाच्या बैठकीची भिंत आत वाकली आणि थिनर टेपच्या खाली शिरून तुझा नऊ पापडासारखा आक्रसला. काकूंची साबणाची डबी पॉलिस्टायरिनची होती, हे आपल्याला १९८९ मध्ये ठाऊक नव्हते, पण मला आता तरी ठाऊक असायला हवे होते.

डबी गेली, बाकीचे सारे शाबूत आहे. सायकलच्या तारांचा पिंजरा, डालड्याच्या डब्याचा पंख, अँटेनाच्या केबलची जाळी सोलून केलेले, वीज घेणारे ब्रश आणि तुझ्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची पुढची दोन चाके, सगळे आहे. (त्या बैलाला त्या वर्षी वीट बांधून ओढत नेल्यामुळे तुला दारोदारी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, कमी मिळाला, ही तुझी तक्रार मला आज शेजारच्या नातवाचा बैल पाहताना पुन्हा आठवली.) टेपरेकॉर्डरची मोटरही अजून फिरते. आतली वेग बांधून ठेवणारी पट्टी काढून तू तारा थेट जोडल्या नसत्यास, तर ती गाडी आयुष्यभर एकाच वेगाने, कारकुनासारखी, चालली असती. गाडीचे पोट गणपतीसारखे फुगलेले दिसते ते त्या मोटरमुळेच. २४ पट लहान केलेल्या खऱ्या स्प्रिंट कारच्या, म्हणजे मातीच्या रिंगणात धावणाऱ्या शर्यतगाडीच्या, सडपातळ अंगात ती मावणे शक्यच नव्हते.

प्रथम वाटले, तशीच डबी आणावी. इतवारीत दोन दुपारी घालवल्या. निळ्या डब्या मिळतात, पण त्या आता पॉलिप्रॉपिलिनच्या असतात. त्यांना प्लॅस्टिक जोडायचा साधा सिमेंट चिकटत नाही आणि रंगही नखाने निघतो. दुकानदाराने तिसऱ्यांदा ‘साबण ठेवायचा आहे ना, साहेब?’ असे विचारल्यावर मी निघालो. शेवटी माळ्यावरच्या कॅसेटच्या पारदर्शक डब्या कामी आल्या. त्या पॉलिस्टायरिनच्याच असतात. पट्टी धरून चाकूने रेघ खोल करत न्यायची आणि मग मोडायची. घाई केली की तडा भलतीकडेच जातो. बाक द्यायचा तिथे सोल्डरिंग आयर्न जवळ धरून ऊब दिली. चौथे अंग जमले. आतून निळा रंग दिला, आणि या खेपेस कूलर बंद होता. सुनंदाने त्या दोन तासांत जे ऐकवले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

नवे अंग जुन्यापेक्षा ११ ग्रॅमने हलके भरले. मला वाटले, बरेच झाले. गच्चीवरच्या खोलीतल्या आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या ट्रॅकवर गाडी ठेवली, १२ व्होल्ट दिले, आणि पहिल्याच वळणावर तिची शेपटी इतक्या झटक्याने बाहेर गेली की तिला खाचेत धरून ठेवणारी पुढची खुंटी आडवी होऊन उडाली. मागच्या चाकांवरचे वजन कमी झाले की त्यांची पकड कमी होते, एवढा साधा हिशेब मी विसरलो होतो. मग मागच्या दांड्याच्या पुढे सोल्डरचे एकेक ग्रॅमचे तुकडे चिकटवत गेलो. सातव्या तुकड्यापर्यंत ती नुसती गिरकी घेत होती, नवव्याला कधी टिकायची कधी उडायची, आणि अकराव्याला, रात्री पावणेदोन वाजता, ती आपल्या गाडीसारखी गेली: नाक आतल्या बाजूला, शेपटी बाहेर, वळण संपेपर्यंत तशीच तिरकी आणि सरळ पट्ट्यावर येताच एका हिसक्याने नीट. लोहचुंबक लावला असता तर हे काम दहा मिनिटांत झाले असते, असे माझा पुतण्या म्हणाला. चुंबक लावलेली गाडी रुळाला चिकटून धावते. तिला मातीवरची गाडी म्हणायचे तर आगगाडीलाही म्हणावे लागेल.

त्या रात्री मला एक गोष्ट कबूल करावीशी वाटली, म्हणून करतो. मागची चाके मी व्हर्नियरने मोजली. हवाई चपलेच्या तळव्यातून तू कापलेले उजवे चाक ३५ मि.मी. भरते आणि डावे ३२. त्या ३ मि.मी.साठी मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता आणि तू डावे चाक कानशीने जास्त घासून गाडी वाया घालवलीस, असे बाबूरावांच्या टपरीवर सर्वांसमोर सांगितले होते. विलास, खऱ्या स्प्रिंट कारचे उजवे मागचे चाक मुद्दाम मोठे ठेवतात. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात आणि शर्यत नेहमी डावीकडेच वळत राहते. बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, म्हणून ते मोठे असले की गाडी आपणहून डावीकडे ओढ घेते. आपल्या दोन चाकांच्या परिघांतला फरक २४ने गुणला, तर सुमारे ९ इंच येतात, आणि खऱ्या गाड्यांतही हा फरक असा इंचांनीच मोजला जातो. तुझ्या कानशीला हे कोणी सांगितले होते, देव जाणे.

मात्र बर्डीच्या फूटपाथवर घेतलेल्या त्या अमेरिकन मासिकातल्या चित्राबाबत मीच बरोबर होतो, हे तूही लिहून दे. नॉक्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या रिंगणातला तो फोटो अपघाताचा नव्हता. गाडी डावीकडे वळते आहे आणि पुढची चाके उजवीकडे आहेत, कारण घसरणाऱ्या शेपटीला सावरायला चालकाला तसेच करावे लागते. तू ‘हा माणूस पुढच्या क्षणी मेला’ असे म्हणून त्याच्यासाठी आम्हाला दोन मिनिटे शांतता पाळायला लावली होतीस. १९६१ मध्ये सुरू झालेली तिथली नॅशनल्स ही शर्यत याच ऑगस्ट महिन्यात असते, आणि त्या गाड्यांना आजही ना क्लच असतो ना स्टार्टर. मागून दुसऱ्या गाडीने ढकलत न्यावे लागते. तुझ्या बाबांच्या लँब्रेटासारखे, असे तू म्हणाला असतास.

आता जे मनाला खाते आहे ते सांगतो. गाडी धावते, दिसते, वजनही तेच आहे. नऊ मात्र होत नाही. तू तो काढत असताना काकूंनी खालून हाक मारली होती आणि तुझा हात हलून नऊची शेपटी मागच्या चाकापर्यंत घसरली होती. आपल्याकडे असलेला एकमेव फोटो भिंग लावून पाहत मी तो कागदावर चौदा वेळा काढला. प्रत्येक नऊ नीट येतो, पाटीवर रंगवल्यासारखा. मुद्दाम वाकडा काढला तर मुद्दाम काढल्यासारखा दिसतो. डेकल, म्हणजे चिकटवायचा तयार आकडा, छापून घ्यावे असे एकदा मनात आले होते, ते तुला सांगायलाही लाज वाटते.

म्हणून मी नुसते अंग उद्या कुरिअरने पाठवतो आहे. यंत्र आणि चाके इथेच राहतील. सोबत शून्य नंबरचा ब्रश आणि पांढऱ्या ऑइल पेंटची लहान डबी आहे. थिनर पाठवलेला नाही आणि तूही घरात आणू नकोस. चुकले तर चुकू दे, पुसू नकोस. वहिनींच्या गुडघ्याचे ऐकले. ऑपरेशन डिसेंबरात असेल तर मी येईन. ईशाला नव्या नोकरीबद्दल अभिनंदन सांग. सविस्तर फोनवर बोलू.

तुझा,
मधू

ता. क. काकूंना साबणाच्या डबीचे अजून सांगू नकोस. मागच्या दिवाळीत त्यांनी मला पुन्हा विचारले होते आणि मी पुन्हा उंदराचे नाव सांगितले.