मंत्रिमहोदय, त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे?

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

माझी बहीण बाळंतपणात गेली. तेव्हा तुम्ही सहा महिन्यांत त्या रुग्णालयात रक्त साठवण केंद्र सुरू करण्याचा शब्द दिला होता. आज आठ महिने झाले. काल मी जाऊन पाहिले. दारावर पाटी लागली आहे आणि कुलूपही. खिडकीतून फ्रीज दिसतो, पण त्याची वायर तशीच गुंडाळलेली आहे.

त्या रात्री बाळ झाल्यावर रक्त थांबेना. नाडी धावत होती, तरी "बीपी ठीक आहे" असे आम्हाला सांगत राहिले. तरुण शरीर दीड लिटर रक्त जाईपर्यंत बीपी सावरून धरते आणि मग एकदम कोसळते, हे मला नंतर वाचून कळले. तिथे ड्युटीवर असणाऱ्यांना ते आधी कळायला नको होते का? मग सलाईन सुरू झाले. एकामागून एक पाच बाटल्या, म्हणजे अडीच लिटर. "दादा, खूप थंडी वाजतेय," ती म्हणाली. मी तिचे पाय चोळत बसलो. शेवटी अंगावरून जाणारे रक्त पाण्यासारखे पातळ झाले होते.

सलाईनला मी दोष देत नाही. रक्त येईपर्यंतचा थोडा वेळ ते काढून देते. पण ते प्राणवायू वाहून नेत नाही आणि रक्त गोठवत नाही. उलट बाटल्या वाढत जातात तसे उरलेले रक्त विरळ होते, अंग गार पडते, रक्तातले आम्ल वाढते आणि रक्तस्राव आणखी आवरेनासा होतो. तिला प्राणवायू वाहणाऱ्या लाल पेशी हव्या होत्या, रक्त गोठवणारे घटक असलेला प्लाझ्मा हवा होता. आम्हाला मात्र सांगितले, "रक्तदाते घेऊन या." रात्री दोन वाजता!

रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडचे एक ग्रॅमचे इंजेक्शन बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यायचे असते. वीस हजार बायकांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. तिच्या कागदांवर या औषधाचे नावही नाही. चौकशी अहवालात मात्र "आवश्यक ते सर्व उपचार दिले" असे लिहिले आहे. कोणी लिहिले ते? रक्ताशिवाय कोणते आवश्यक उपचार होतात? संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत 2013 पासून रक्तही आहे. तुमच्या खात्यात इमारत बांधली की काम संपते, फीत कापली की फाईल बंद होते. रात्रपाळीला तंत्रज्ञ कोण, याचे उत्तर कोणाकडेच नसते आणि बाई गेली की तिच्या नशिबावर ढकलतात.

तिचा मुलगा आता बसायला लागला आहे.

फ्रीज सुरू करा. तातडीच्या वेळी कोणालाही देता येणाऱ्या ओ निगेटिव्ह रक्ताच्या पिशव्या ठेवा, चोवीस तास माणूस नेमा, प्रसूतिगृहात ते इंजेक्शन हाताशी ठेवा. आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी मला या आठवड्यात लेखी कळवा.

तिचा भाऊ